विहीर पाच फुटांनी रुंद केली तर खोदाई दीडपट कशी? आबांना कसं पटवू?

रानजाई
नमस्कार मंडळी. गणिताचा प्रश्न आहे, पण घरातलाही आहे.

आमच्या गावी, सिन्नर तालुक्यात, यंदा नवी विहीर काढायची ठरली आहे. खोली ४० फूट. आधी व्यास २० फूट धरला होता. मग दादा म्हणाला, एकदाच खर्च होतोय तर व्यास २५ करू. ठेकेदाराने नवा हिशोब दिला तो पहिल्याच्या जवळपास दीडपट. आबा, म्हणजे माझे वडील, तिथेच अडले. त्यांचं म्हणणं, "विसाचे पंचवीस केले म्हणजे पाव हिस्सा वाढला. मग पैसे सव्वापट द्यायचे. दीडपट कुठून आणली?"

मला माहीत आहे की क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. मी कागदावर पाय आर वर्ग मांडूनही दाखवलं. आबा चौथी शिकलेले. त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे तुझं पुस्तक झालं. मला जमिनीवर दाखव." त्यांना आता वाटतंय की ठेकेदार फसवतोय आणि मी त्याची बाजू घेतेय. ते ठेकेदाराशी बोलायलाही तयार नाहीत.

त्यांना पटेल असं, सूत्र न वापरता, कसं सांगावं? आणि ठेकेदाराचा आकडा खरंच बरोबर आहे का तेही तपासायचं आहे. तो खोदाई ब्रासवर लावतो.

दशमान
आधी आकडे मांडतो, म्हणजे पुढच्यांना सोपं जाईल.

व्यास २०, त्रिज्या १०. परीघ = ३.१४ × २० = ६२.८ फूट. क्षेत्रफळ = ३.१४ × १० × १० = ३१४ चौरस फूट. ४० फूट खोलीला १२,५६० घनफूट, म्हणजे १२५.६ ब्रास. (१ ब्रास = १०० घनफूट.)

व्यास २५, त्रिज्या १२.५. परीघ ७८.५ फूट. क्षेत्रफळ = ३.१४ × १२.५ × १२.५ = ४९०.६ चौरस फूट. ४० फुटांना १९,६२५ घनफूट, म्हणजे सुमारे १९६ ब्रास.

परीघ बरोबर सव्वापट झाला, खोदाई १.५६ पट. आबा म्हणतात ते परिघापुरतं शंभर टक्के खरं आहे. त्यांना चूक म्हणू नका, त्यांनी काठ मोजला आणि ठेकेदाराने पोट मोजलं.

मोगरा_७
"काठ मोजला आणि पोट मोजलं" हे फार आवडलं. वाचनखूण साठवली.

खडूफळा
मी २६ वर्षं सातवी-आठवीला गणित शिकवलं. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला मुलं सूत्र पाठ करतात आणि वर्षभरात २ पाय आर आणि पाय आर वर्ग यांची अदलाबदल करून बसतात. म्हणून मी सूत्र शेवटी द्यायची. आधी भाकरी.

भाकरीचे सोळा सारखे त्रिकोणी तुकडे करा. एक टोक वर, पुढचं टोक खाली, असे शेजारी शेजारी लावत जा. एक लांबट आयत तयार होतो. त्याची उंची म्हणजे भाकरीची त्रिज्या. लांबी म्हणजे निम्मा काठ, कारण निम्म्या तुकड्यांचा काठ वर आला आणि निम्म्यांचा खाली. म्हणून वर्तुळाचं क्षेत्रफळ = निम्मा परीघ × त्रिज्या.

तुमच्या विहिरीला लावा. २० च्या विहिरीचा निम्मा काठ ३१.४, गुणिले १०, झाले ३१४. २५ च्या विहिरीचा निम्मा काठ ३९.२५, गुणिले १२.५, झाले ४९०.६. आबांना हे दिसेल की काठही सव्वापट झाला आणि आतली उंचीही सव्वापट झाली. सव्वाची सव्वा म्हणजे दीडाच्या वर एक आणा (सोळावा हिस्सा). जुन्या माणसांना सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, पाठ असते, एकदा विचारून बघा.

रानजाई
मॅडम, आबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं पाठ आहे. आठवडी बाजारात कांद्याचा हिशोब ते माझ्या मोबाइलच्या आधी सांगतात. हे नक्की करून बघते. भाकरी मात्र ते कापू देणार नाहीत, अन्नाचा खेळ नको म्हणतील. पुठ्ठा घेईन.

लीलावतीची_नात
खडूफळा मॅडमनी सांगितलं तेच आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये लिहिलं आहे. निम्मा परीघ गुणिले निम्मा व्यास, हेच वर्तुळाचं फळ. परिघासाठी त्याने २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ दिला, म्हणजे ३.१४१६. आणि त्याला 'आसन्न' म्हटलं, जवळचा. तो शब्द माझ्या मनात घर करून आहे.

आपल्या अगदी जवळचं म्हणजे भास्कराचार्य. ११५० मध्ये त्यांनी दोन गुणोत्तरं दिली. सूक्ष्म हवं असेल तर व्यास गुणिले ३९२७ भागिले १२५०. व्यवहारापुरतं चालेल असं स्थूल हवं असेल तर २२ भागिले ७. हे आकडे श्लोकात शब्दांनी बांधले आहेत: भ म्हणजे नक्षत्रं २७, नंद ९, अग्नी ३, मिळून ३९२७. ख म्हणजे शून्य, बाण ५, सूर्य १२, उजवीकडून डावीकडे वाचून १२५०. क्षेत्रफळासाठी त्यांनी परीघ गुणिले व्यासाचा चौथा हिस्सा सांगितला. ६२.८ गुणिले ५ करा, तेच ३१४.

चाळीसगावजवळ पाटण इथे, पाटणादेवीच्या देवळात, त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. मी दोनदा जाऊन आले. विहिरीचा घेरा मोजायला 'व्यवहारयोग्य' २२/७ घ्या असं सांगणारा माणूस आपल्या मुलखाशी इतका जोडलेला आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

ठिबक
छान माहिती. पण आमच्या भागात विहीर खोदणारे ३.१४ ही घेत नाहीत आणि २२/७ ही नाही, सरळ तिप्पट धरतात. व्यासाच्या तिप्पट घेरा. आबांचा ठेकेदार कशाने मोजतोय ते बघा.

दशमान
तिप्पट धरली तर आबांचाच फायदा, साडेचार टक्के खोदाई कमी मोजली जाईल. पण उद्या त्यांनी दोरी घेऊन घेरा मोजला आणि तीनने भागून व्यास काढला, तर व्यास खऱ्यापेक्षा मोठा येईल, आणि मग खोदाई जास्त मोजली जाईल. ६२.८ भागिले ३ = २०.९३. त्याचं क्षेत्रफळ ३४४ येतं. तीस चौरस फूट उगाच वाढले. म्हणून एकच पकडा, ३.१४.

२२/७ आणि ३.१४१६ मधल्या फरकावरून मात्र कोणी भांडू नका. २० फूट व्यासाला परिघात पाव इंचाहून जरासा जास्त फरक पडतो. विहिरीच्या काठाला तेवढा तर ढेकूळही असतो.

ऐरण
तिप्पट धरली की काय होतं ते लोहाराच्या घरात जन्मलेल्याला विचारा.

माझे आजोबा बैलगाडीच्या चाकांना धाव चढवायचे. धाव म्हणजे चाकाच्या लाकडावर बसणारा लोखंडी पट्टा. पाच फुटी चाकाला तिप्पट धरून पट्टी कापली तर १५ फूट. खरी लागते १५ फूट साडेआठ इंच. साडेआठ इंच कमी पडलेली पट्टी म्हणजे वाया गेलेलं लोखंड. म्हणून आजोबा व्यास मोजतच नसत. चाकावर खडूने खूण, पट्टीवर खडूने खूण, आणि चाक पट्टीवरून एक फेरा लोळवायचं. खूण पुन्हा खाली टेकली की तिथे दुसरी रेघ. वर जाडीच्या तिप्पट लांबी धरायची, कारण पट्टी वाकवली की तिची आतली बाजू आखडते आणि बाहेरची ताणते.

मग त्यातून थोडी कमी करायची. मुद्दाम. कारण धाव चाकापेक्षा जराशी लहानच हवी. गोवऱ्यांच्या आरात ती लालबुंद झाली की पाच फुटी धावेचा परीघ इंचभराहून जास्तच वाढतो. परीघ इंचभर वाढला की व्यास त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानेच वाढणार, तेवढ्यात ती चाकावर बसवायची. चार माणसं सांडशीने धरणार, आजोबा घणाने ठोकणार आणि आई-काकू घागरी ओतणार. पाण्याची वाफ, लाकडाचा करपट वास, आणि धाव आवळताना आऱ्यांचे सांधे करकरायचे तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आजोबांना सही करता येत नव्हती. परीघ आणि व्यासाचं नातं त्यांच्या हातात होतं. ताई, तुमच्या आबांना जमिनीवर दाखवा हे अगदी बरोबर आहे. ते अडाणीपणाने विचारत नाहीत, त्यांना पुरावा हवा आहे.

सुईदोरा
ऐरण, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. डोळ्यांपुढे उभं राहिलं.

माझं शिवणाचं. अंब्रेला घेराचा परकर शिवताना कंबर म्हणजे परीघ, आणि कापडावर खूण करायची ती त्रिज्येची. २४ कंबर असेल तर २४ भागिले ६.२८, म्हणजे ३.८ इंच. मला शिकवणाऱ्या बाई सहाने भागायच्या. ४ इंच यायचे, म्हणजे कंबर २५ च्या वर जायची आणि नेफ्यात चुण्या घ्याव्या लागायच्या. त्यातून कापड उरेबात ताणतं, म्हणजे आणखी सैल. आता मी ६.२८ ने भागते, वर पाव इंच आतच कापते. कमी कापलेलं पुन्हा कापता येतं, जास्त कापलेलं जोडता येत नाही.

कापड चौघडी घालून कोपऱ्यात टेप धरून फिरवायची, एकदा ३.८ वर आणि एकदा ३.८ अधिक लांबी. ताई, जमिनीवर विहीर आखायची ती अशीच ना? मधे खुंटी आणि दोरी?

टिकलीवाली
बांगड्यांचं कोणीच कसं बोललं नाही! कासाराकडे २.४, २.६, २.८ म्हणतात ते दशांश नाहीत. २.४ म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन. २.८ म्हणजे अडीच. म्हणूनच २.८ च्या पुढचं माप २.१० असतं, ते २.८ पेक्षा मोठं. ऑनलाइन मागवताना २.१० म्हणजे २.१ समजून मी लहान पडतील म्हणून २.६ मागवल्या होत्या, आणि हाताची सालं निघाली.

हा आतला व्यास. पाची बोटं जवळ घेऊन, अंगठा तळहातात दुमडून, सगळ्यांत रुंद भागाभोवती कागदाची पट्टी गुंडाळायची. ती परीघ. ३.१४ ने भागा. साडेसात इंच आली तर २.३९, म्हणजे २.६ च्या जरा वर. काचेच्या हव्या असतील तर २.८ घ्या.

अडकित्ता
परवा आम्ही १२ इंची एक पिझ्झा घ्यावा की ८ इंची दोन, यावर घरात सभा भरली होती. मुलगा म्हणे दोन घेतले की १६ इंच होतात. मी १२ चा वर्ग १४४ आणि ८ चा वर्ग ६४, दोन मिळून १२८ असं सांगितलं. एकच मोठा आला आणि तो पुरला. यात पाय लागलाच नाही. फक्त तुलना करायची असेल तर व्यासाचे वर्ग बघा, पाय दोन्हीकडून निघून जातो.

ठिबक
+१. पाइपलाइनलाही तेच. एक इंची दोन पाइप टाकले म्हणजे दोन इंची एक झाला असं वाटणारे खूप शेतकरी आहेत. दोन इंचीचं तोंड चार एक इंचींइतकं असतं. आणि बारीक पाइपात पाणी कडेला जास्त घासतं, त्यामुळे प्रत्यक्षात चारपटीहूनही जास्त पाणी येतं.

सागवान_पट्टी
गोल वस्तू विकत घेताना किंवा विकताना मापाची रीत आधी विचारा, हे मी पैसे घालवून शिकलो.

बांधावरची सागाची झाडं विकली. एका ओंडक्याचा घेर ६० इंच, लांबी १० फूट. मी घरी हिशोब केला: ६० भागिले ६.२८, त्रिज्या साडेनऊ इंच, क्षेत्रफळ २८६ चौरस इंच, म्हणजे जवळपास २ चौरस फूट. दहा फुटांना २० घनफूट. व्यापाऱ्याच्या वहीत होते साडेपंधरा. मी भांडलो. त्याने शांतपणे दाखवलं: घेराचा चौथा हिस्सा १५, त्याचा वर्ग २२५, भागिले १४४, गुणिले १०. झाले १५.६.

या रीतीत लाकूड नेहमी खऱ्याच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच भरतं. वर्तुळाचा काठ घेऊन त्याचा चौकोन केला की पोट कमी होतं ना, म्हणून.

रामप्रहर
ही सरळ फसवणूक आहे. असल्या रीती बंद व्हायला हव्यात.

सागवान_पट्टी
मलाही त्या दिवशी तसंच वाटलं होतं, रामप्रहर. पण ही रीत फार जुनी आहे, आणि कमी भरणारा तो हिस्सा साल आणि करवतीखाली जाणाऱ्या लाकडापोटी धरला जातो. भावही त्या मापावरच बांधलेला असतो. चूक माझी होती: मी भाव त्यांच्या रीतीचा ऐकला आणि घनफूट माझ्या रीतीचे मोजले. विक्रीआधी एक वाक्य विचारलं असतं तर मनस्ताप वाचला असता. म्हणून इथे लिहितोय.

गुण्याओळंबा
मी बांधकामावर देखरेख करतो. गावाकडच्या विहिरी बऱ्याच बघितल्या. ताई, तुमच्या प्रश्नातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अजून कोणी विचारली नाही: २० फूट आतून की बाहेरून?

वरच्या मातीला आणि मुरमाला दगडी बांधकाम लागतं. ते दीड फूट जाडीचं असेल तर दोन्ही बाजू मिळून तीन फूट. आतून २० हवी असेल तर खोदायची २३. त्रिज्या ११.५, क्षेत्रफळ ४१५ चौरस फूट. ३१४ कुठे आणि ४१५ कुठे! फक्त भिंतीच्या जागेपायी जवळपास तिसरा हिस्सा खोदाई वाढली. व्यासात तीनच फुटांचा फरक आहे हे लक्षात घ्या.

दुसरं. पक्का खडक लागला की बांधकाम थांबतं, पुढे खडकच भिंत. म्हणजे २३ ची खोदाई खडकापर्यंतच, त्याखाली २० चीच. ठेकेदाराने पूर्ण ४० फूट २३ ने मोजलंय का ते बघा. मुरूम किती फूट आहे?

तिसरं. खोदाईचे ब्रास खड्ड्याच्या मापाने काढा, ट्रॉल्या मोजून नको. खोदलेला मुरूम मोकळा झाला की फुगतो.

रानजाई
बाप रे, आतून-बाहेरून हा प्रश्न आम्हाला कोणालाच सुचला नव्हता. शेजारच्या विहिरीत १५ फुटांवर खडक आहे, आमचंही तसंच धरलंय. ठेकेदाराची चिठ्ठी दादाकडे आहे, मागवते.

रामप्रहर
मला एक कळत नाही. ठेकेदारावर विश्वास नसेल तर दुसरा बघा. वडिलांना या वयात भूमिती शिकवायचा अट्टहास कशाला? त्यांच्या नावावर निर्णय घेऊन टाका.

ऐरण
विहीर त्यांच्या रानात होणार, आयुष्यभर त्यांनी त्या जमिनीला पाणी दिलं. त्यांना कळल्याशिवाय सही घेणं मला पटत नाही. आणि शिकवायचा प्रश्नच नाही, त्यांना आकडेमोड आपल्याहून चांगली येते. फक्त कुठला आकडा कशाला लावायचा एवढंच दाखवायचंय.

बांधावरून
मी शेतकरीच आहे, मला हे असं समजलं होतं, बघा आबांना चालतंय का.

फक्कीने जमिनीवर २० फुटाचं गोल आखा. त्याच खुंटीवरून २५ चं आखा. आता आबांना म्हणा, जुन्या गोलाबाहेर जो पट्टा वाढला तेवढाच बघा. तो पट्टा पाच फूट रुंद नाही, अडीच फूट आहे, पण सगळीकडून आहे. त्या पट्ट्याच्या मधोमध चालत फेरी मारायची. फेरी होते ७० फूट आणि वर थोडी. म्हणजे अडीच फूट रुंद आणि सत्तर फूट लांब चर खणल्यासारखं झालं. अडीच सत्ते साडेसतरा, १७५ चौरस फूट. आधीची विहीर ३१४ ची. १७५ म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि ही चर चाळीस फूट खोल.

चर खणायला किती मजूर लागतात ते आबांना कोणी सांगायला नको.

खडूफळा
बांधावरून, तुम्ही माझी २६ वर्षं एका प्रतिसादात बसवलीत. बरोबर आकडा बघा: २२.५ × ३.१४ = ७०.६५, गुणिले २.५ = १७६.६. आणि ४९०.६ वजा ३१४ = १७६.६. तंतोतंत.

मोगरा_७
एक शंका. जुन्या विहिरीचा व्यास कसा मोजायचा? मधे खुंटी कुठे ठोकणार, खाली पाणी. आमच्या मामांच्या विहिरीला जाळी बसवायची आहे.

गुण्याओळंबा
तीन रीती आहेत. एक, काठाच्या एका जागी टेप धरून ठेवा, दुसऱ्याने समोरच्या काठाने चालत जायचं, सगळ्यांत मोठं माप येईल तो व्यास. दोन, आतल्या काठाभोवती टेप फिरवा आणि ३.१४ ने भागा.

तीन, मला आवडणारी. गुण्या काठावर अशा रीतीने धरा की काटकोनाचा कोपरा वर्तुळावर टेकेल. दोन्ही भुजांच्या रेषेत दोऱ्या ताणा. त्या दोऱ्या काठाला जिथे भेटतील ते दोन बिंदू बरोबर समोरासमोर असतात, त्यांच्यामधलं अंतर व्यास. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, शाळेत शिकलेलं इथे कामाला येतं.

पण विहिरी क्वचितच अगदी गोल असतात. जाळीसाठी दोन आडव्या-उभ्या दिशांनी व्यास घ्या. जाळी बनवायला मोठं माप द्या, पाण्याच्या हिशोबाला सरासरी.

मोगरा_७
धन्यवाद! मामांना पाठवलं.

ठिबक
ताई, अजून एक विचार. जास्तीचे पैसे रुंदीत घालण्याऐवजी खोलीत घातले तर? आपल्याकडे खडकात झरे सांध्यांतून येतात. रुंद विहीर पाणी जास्त साठवते, पण सांधाच लागला नाही तर साठवायला काय? २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे ३१४ घनफूट, घनफुटाला २८.३ लिटर, जवळपास ८,९०० लिटर. २५ च्या विहिरीत तेच एक फूट १३,९०० लिटर. तुमचा पंप दिवसाला किती उपसतो त्यावर ठरवा.

रानजाई
मंडळी, शनिवारी गावी गेले होते. आत्ता परतले, आधी इथे लिहितेय.

चिठ्ठी बघितली. गुण्याओळंबा, तुमचा अंदाज खरा निघाला. ठेकेदाराने दोन्ही हिशोबांत बाहेरचा व्यास पूर्ण ४० फूट धरला होता. २० च्या विहिरीला १६६ ब्रास. आपल्या रीतीने वरचे १५ फूट २३ ने आणि खालचे २५ फूट २० ने: ६,२२९ अधिक ७,८५०, म्हणजे १४०.८ ब्रास. पंचवीस ब्रासचा फरक. त्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, खडकात सुरुंग लावला की कडा वाकडीतिकडी जाते, म्हणून तो सरसकट धरतो. शेवटी ठरलं की खडक लागला की सगळ्यांसमोर पुन्हा मोजायचं आणि खालचं माप तेव्हा घ्यायचं. तो चिडला नाही. चिठ्ठीमागे नवा हिशोब त्यानेच लिहून दिला.

आता आबा. पुठ्ठा नेला होता, बाहेर काढावाच लागला नाही. खळ्यात खुंटी ठोकली, सुताची दोरी बांधली, दादाने फक्कीने दोन्ही गोल आखले. मी काही बोलायच्या आत आबा दोन गोलांच्या मधल्या पट्ट्यात उतरले आणि चालायला लागले. वहाणा काढून, पावलाला पाऊल लावून. फेरी पुरी व्हायला बराच वेळ लागला. मधेच थांबले, हाताने पट्ट्याची रुंदी मोजली, पुन्हा निघाले. परत खुंटीपाशी आले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "साडेबारा साडेबारा... दीडशे सव्वासहा." मग दादाकडे बघून, "दाही दाही शंभर. शंभराचे एकशे छप्पन झाले की रे."

सूत्र मी सांगितलंच नव्हतं. पायचं नावही नाही.

मग त्यांनीच उलटं विचारलं, की बांधकामाचे पैसेही त्याने दीडपट लावलेत का, कारण ते तर काठावर आहे. चिठ्ठीत खरंच तसंच होतं! भिंतीच्या मध्यावरून परीघ धरला तर २१.५ आणि २६.५, म्हणजे सव्वापटीलाही थोडं कमी. तेही दुरुस्त करून घेतलं. दशमान, काठ आणि पोट हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले, म्हणाले, "हेच तर मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय."

विहीर आतून २० च करायची ठरलं. ठिबक, तुमचा मुद्दा आबांना पटला. उरलेले पैसे सांधा लागेपर्यंत खाली जायला ठेवलेत. दोरीला आबांनी दोन गाठी मारल्यात, एक १० फुटांवर, एक साडेअकरावर. ती आता पडवीत खुंटीला टांगली आहे आणि कोणी हात लावायचा नाही असं सांगितलंय.

खडूफळा
रानजाई, माझ्याकडून आबांना नमस्कार सांगा.

बांधावरून
वाचून समाधान वाटलं. सुरुंगाच्या दिवशी फोटो टाका.

गुण्याओळंबा
सुताची दोरी भिजली की आखडते आणि नायलॉनची ताणली की वाढते. साडेअकराच्या गाठीत तीन इंच गेले तरी वरच्या १५ फुटांत अडीच-पावणेतीन ब्रास इकडचे तिकडे होतात. आखणीच्या सकाळी आबांसमोर दोन्ही गाठी टेपला लावून पाहा आणि मगच फक्की टाका.